टाउन हॉलची मागची भिंत

रंगमंचावर सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि नोलीन पडदा वर ओढत होती. न्यूझीलंडमधल्या त्या गावाचा टाउन हॉल ती एकतीस वर्षं सांभाळत होती. इतक्यात नगरपालिकेचा इंजिनियर ब्रेंडन आत आला.

"मावशी, बाहेर चला. हॉल आजपासून बंद."

"अरे, संध्याकाळी नाटकाचा खेळ आहे! अख्खं गाव एकत्र जेवायला घरून ताटं भरून आणणार."

"खुर्च्यांमागची ही विटांची भिंत भूकंपात टिकणार नाही."

"तुझ्या आजोबांपेक्षा म्हातारी आहे ती. अजून वाकली नाही!"

"वाकत नाही, म्हणूनच कोसळेल. थेट प्रेक्षकांवर."

नोलीन पडद्याची दोरी सोडून रिकाम्या खुर्च्यांकडे वळली.

"गेल्या भूकंपात लोक इथून उठून पळत होते रे," ती म्हणाली. "मीच ओरडले, बसा खाली, नाटक संपलेलं नाही. आणि सगळे बसले."