आईचे नऊ भाचे

माझी आई एकुलती एक. सख्खी सोडा, तिला मावसबहीणसुद्धा नव्हती. तरी पोलीस ॲक्शननंतरच्या त्या साली गौलीगुड्यातल्या आमच्या घरी तिचे नऊ भाचे राहत होते.

खरं तर ते परभणी-नांदेडकडून हैदराबादच्या कचेऱ्यांत नोकरीला आलेले कारकून. वडील गेल्यावर आईनं दोन खोल्या त्यांना दिल्या. दोन वेळचं जेवण घालायची, महिन्याला पैसे घ्यायची. पण या उद्योगाला नाव द्यायचं नाही, हा तिचा दंडक. कुणी विचारलंच तर, "चार माणसं जेवतात आमच्याकडे," एवढंच.

मग म्युनिसिपालटीनं हॉटेलांवरचा कर वाढवला, आणि पैसे घेऊन जेवू घालणारी घरंही हॉटेलांत धरली. वाढीव पैसा ज्या त्या मोहल्ल्यातच खर्चायचा होता. नळ, दवाखाना आणि मुलींचा दुपारचा मराठी वर्ग. त्या वर्गात माझा जीव अडकला होता. राज्य बदलण्याआधीच्या धामधुमीत आईनं माझी शाळा सोडवली होती. मॅट्रिकला बसायची आता तेवढी एकच वाट उरली होती.

कराचे मुनशी आले. पिकलेली दाढी, शेरवानी, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. ओसरीवर पंगत बसलेली.

"बाईसाब, ये सब कौन?"

"माझे भाचे," आई म्हणाली.

"सब के सब?"

"हौ. मला बहिणी भरपूर."

"माशाल्ला," मुनशी म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले.

गल्लीभर हीच साथ पसरली. समोरच्या घरी एकाएकी मेहुणे उगवले. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला मुलगीच नव्हती, त्याच्याकडे चार जावई निघाले. हॉटेल म्हणाल तर एकही नाही! थोड्याच दिवसांत वर्गात बाई म्हणाल्या, कराचा पैसाच येत नाही, दिवाळीनंतर वर्ग बंद. मी तणतणत घरी आले. परभणीचा एक खादाड भाचा हात धूत होता. त्याच्याजवळ मी हळूच काडी टाकली, "का हो, मावशी कधी भाच्याकडून पैसे घेते का?"

पहिल्या तारखेला आई पैशांसाठी उभी राहिली, आणि सगळेच्या सगळे भाचे तिच्या पाया पडायला वाकले! "मावशी, घरच्या माणसाकडनं पैसे? लोक काय म्हणतील?" एकानं दिवाळीचं धोतर मागितलं. परभणीकरानं तर, "आमची आई तुमची धाकटी बहीण की, तिला लुगडं कधी पाठवता?" म्हणून विचारलं. मी आत पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते.

आई उलथनं घेऊनच आत आली. "ही आग तूच लावलीस ना, भवाने?"

"लावली! मुनशीसमोर भाचे आणि एक तारखेला गिऱ्हाइकं? एक काहीतरी धर की."

"अगं, हॉटेलवालीची पोर कोण करून घेईल? बरकतपुऱ्याचं स्थळ जुळत आलंय. तुझ्यासाठीच खोटं बोलले ना मी!"

"आणि कर नाही म्हणून वर्ग बंद पडला म्हणजे?"

तिला हे ठाऊकच नव्हतं. उलथनं खाली ठेवून ती चुलीपाशी बसली. जळतं लाकूड मागं ओढत म्हणाली, "तुझी शाळा एकदा मी बंद केली. तेव्हा दिवसच तसे होते. आता कुठली सबब सांगू?"

मुनशी परत आले तेव्हा तिनं त्यांना बसवलं, चहा दिला. "लिहा साहेब. हॉटेल."

"और भानजे?"

"पैसे देतात ते. भाचे देत नसतात."

मुनशींनी दाढीवरून हात फिरवला. "अफसोस, बाईसाब. इतना बडा खानदान था."

आईलाही हसू आलं. भाच्यांनी त्याच संध्याकाळी मुकाट्यानं पैसे काढून ठेवले. तिच्या हातची आमटी सोडून जातात कुठं? तिचं बघून गल्लीतले मेहुणे आणि जावईही एकेक करून गिऱ्हाइकं झाले, आणि वर्ग टिकला.

पण तिची भीती खरी ठरली. आठवड्यातच मध्यस्थ बाई आल्या. पदर सावरत, चाचरत म्हणाल्या, "बरकतपुऱ्याचे म्हणतात, मुलगी चांगली आहे हो, पण घरात हॉटेल म्हणजे..."

आईचा चेहरा उतरला. मला तिच्याकडे बघवेना. मग ती सावरून बसली. "राग नाही म्हणावं. कधी इकडं आले तर जेवून जा म्हणावं. पैसे पडतील. वर करही."

बाई गेल्या, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन हुंदके देऊन रडली. मलाही रडू फुटलं. स्थळाचं मला काडीचं दुःख नव्हतं, पण एवढी जपलेली अब्रू तिनं माझ्यापायी घालवली, ते सोसवेना. मी तिला खेटून बसले, तशी तिनं मला कोपरानं ढकललं.

"इथं काय बसलीस? वर्गाची वेळ झाली. फुकटचा नाही तो, कर भरते मी त्याचा."