रविनाचं ताट

ठाण्यातल्या त्या उंच सोसायटीतली मुलं तुळशीदासला ‘सर’ म्हणत. संध्याकाळी तळमजल्याच्या व्यायामशाळेत ती त्याच्या ताब्यात दिली जात. पहिल्या दिवशी तो त्यांना फक्त उकिडवं बसायला सांगे. निम्मी मुलं मागे कलंडत आणि खो खो हसत. तुळशीदासही हसे, पण मनातून त्याला वाईट वाटे. मूल जन्माला येताना जे घेऊन येतं ते या मुलांकडून कोणी, कधी काढून घेतलं, असा तो विचार करी. खेळायलाही त्यांना वेळ ठरवून, बूट घालून, सरांसमोर यावं लागे.

“सर, लहानपणी तुम्ही कुठला क्लास लावला होता?” एका मुलाने एकदा विचारलं.

“पाण्याचा.”

“म्हणजे स्विमिंग?”

“नाही रे बाबा. हंड्याचा. सकाळी उठून झऱ्यावर जायचं आणि डोक्यावरून पाणी आणायचं.”

मुलांच्या आया म्हणत, “तुमच्याकडची मुलं किती काटक असतात ना, सर!” तो मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. मोखाड्याच्या डोंगरातली ती मुलं काटक नव्हती, उपाशी होती, हे त्याला माहीत होतं. पण मुलांच्या वजनाच्या गप्पा चाललेल्या असताना हे कसं सांगायचं?

तुळशीदास पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरचा. वडील लवकर गेले. आई धोंडीबाईने नाचणी-वरईच्या उतारावरच्या शेतीत पोरांना वाढवलं. जव्हारच्या आश्रमशाळेत तो शिकला. धावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे ठाण्याला आला, गोदामात ओझी उचलली, मग एका व्यायामशाळेत यंत्रं पुसायच्या कामाला लागला. पुसता पुसता शिकला, परीक्षा दिली, आणि दोन हजार सालाच्या आसपास लोक त्याला घरी बोलावून व्यायाम शिकायला लागले. ‘पर्सनल ट्रेनर’ असं कार्डही त्याने छापून घेतलं होतं. धोंडीबाईला मात्र ते काम शेवटपर्यंत कळलं नाही.

“म्हणजे लोक तुला पगार देतात तो कशाचा रं, तुळश्या?”

“त्यांना घाम आणायचा, आये.”

“मग आपल्या रानात धाड की त्यांना. लावणीला माणसं मिळत नाय.”

धोंडीबाई तशी हसरी, जिभेने तिखट बाई. पण तिच्या घराचा एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. मूल जेवत असताना ‘पुरे’ म्हणायचं नाही. मूल स्वतः उठेपर्यंत वाढत राहायचं. शेजारणीचं पोर दारात आलं तरी तोच नियम. हा नियम ब्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतरचा. त्या पावसाळ्यात वावर-वांगणीकडून पोरं भुकेने गेल्याच्या बातम्या येत होत्या आणि तिकडे सरकारी जीपगाड्या धावत होत्या. धोंडीबाईच्या पाड्याकडे गाडी आली नाही. कणगीत दाणा नव्हता. तुळशीदासची धाकटी बहीण चंदा, दोन वर्षांची, आधी आमांशाने आजारी पडली, मग सुकत गेली. शेवटी शेवटी ती रडायचीही नाही, नुसती आईच्या हाताकडे बघत राहायची. तुळशीदास तेव्हा जव्हारला वसतिगृहात होता. निरोप मिळून तो घरी पोचला तेव्हा आढ्याला बांधलेली झोळी सोडलेली होती. धोंडीबाई त्याला एवढंच म्हणाली, “तिचा डोळा माझ्या हातावर होता रं. आन् हातात काय नव्हता.”

पुढे तुळशीदासचं लग्न झालं. बायको जयवंती जव्हारकडची, शांत, कामसू. पंच्याण्णव साली त्यांना रविना झाली. आणि दुसऱ्यांच्या मुलांना मोजूनमापून खायला सांगणारा हा माणूस स्वतःच्या घरात पार दुबळा पडला. “बाबा, भूक लागली,” असं रविना म्हणाली की तो हातातलं काम टाकून उठायचा. ताट रिकामं दिसलं की त्याचा हात आपोआप भाताच्या पातेल्याकडे जायचा. संध्याकाळी कामावरून येताना तो तिच्यासाठी वडापाव आणी, रविवारी आइस्क्रीम. सोसायटीतल्या आयांना तो बजावून सांगे, “खाणं म्हणजे लाड नव्हे, ताई.” आणि घरी जाऊन नेमके तेच लाड करी. रविना आनंदी, गोबरी पोर होती. चाळीतल्या जिन्याने वर येताना धापा टाकायची आणि वर आल्यावर स्वतःच त्यावर हसायची.

रविना नऊ वर्षांची असताना तिच्या मानेवर काळसर डाग दिसू लागले. जयवंतीला वाटलं, मळ असेल. घासून घासून तिने पोरीची मान लाल केली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तुळशीदासला बाजूला घेतलं.

“साखर वाढायला लागलीय. आत्ता आवरलीत तर आवरेल. नाहीतर ही मोठी होईपर्यंत आजार हिच्याबरोबर मोठा होईल. तुम्ही तर याच क्षेत्रातले ना?”

त्या शेवटच्या वाक्याने तो खाली बघू लागला.

त्या दिवसापासून घर बदललं. वडापाव बंद झाला. तुळशीदास पहाटे रविनाला मैदानावर नेऊ लागला. पहिले काही दिवस ती रडायची, मग चिडायची, मग हळूहळू मैदानात तिच्या मैत्रिणी झाल्या. सगळं रांगेला लागत होतं, तेवढ्यात दिवाळीची सुट्टी आली आणि ते पोशेऱ्याला निघाले.

वाटेतच तुळशीदासने ठरवलं होतं, आईला नीट समजावून सांगायचं. त्याने सांगितलंही. रक्तात साखर वाढते, खाणं मोजून द्यायचं, गोड तर नाहीच. धोंडीबाईने सगळं ऐकून घेतलं.

“बरा बाय. डॉक्टर सांगतो तर तसा करू.”

नवा भात घरात आला होता. तिने रविनाला मोजकंच वाढलं. तुळशीदासला हायसं वाटलं. शेजारची काशी, धोंडीबाईची जन्माची मैत्रीण, ओट्यावर बसून म्हणाली, “धोंडे, तुझा हात आखडला का गं? नात पहिल्यांदा दिवाळीला आली आन् एवढासा भात?” धोंडीबाई उठून आत गेली.

दोन दिवसांनी दुपारी तुळशीदास गोठ्यामागे गेला तेव्हा रविना तिथे गवताच्या भाऱ्यावर बसलेली दिसली. मांडीवर काकडी आणि गूळ घालून पानात उकडलेले तांदळाचे पानगे. समोर धोंडीबाई बसून एकेक पान सोडवून तिच्या हातात देत होती. पोरीच्या तोंडात घास होता आणि डोळ्यांत पाणी. तिला ते जात नव्हतं.

“रविना! नको होतं तर खातेस कशाला?”

“आजी रडते,” रविना घास गिळत म्हणाली. “नाही म्हटलं की आजी रडते, बाबा.”

तुळशीदासने तिच्या मांडीवरचे पानगे उचलले आणि गुरांपुढे टाकले. त्या घरात मुलाच्या पुढ्यातलं अन्न कोणी उचललं नव्हतं. त्यालाही ते करताना हात जड झाला असणार, पण राग मोठा होता.

“किती सांगायचं, आये? तू मारशील माझ्या पोरीला!”

धोंडीबाई जागची हलली नाही. तिचे हात गुळाने चिकट झाले होते, ते तिने लुगड्याला पुसले.

“एक न खाता मेली,” ती म्हणाली. “आता ही माझ्या हातचा खाऊन मरंल, असा म्हणतोस?”

त्याला तसं म्हणायचं नव्हतं. पण शब्द गेले होते. तो तिच्या पाया पडला, तिने त्याला उठवलं, “बस, जेव,” म्हणाली, आणि रात्रीपर्यंत सगळं पूर्वीसारखं दिसू लागलं. फरक एवढाच झाला, की त्यानंतर धोंडीबाईने विचारल्याशिवाय नातीला काही वाढलं नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून ती मुलाकडे बघे. “एवढा देऊ का?” ज्या बाईने कधी कोणाला विचारून वाढलं नव्हतं, ती आता चतकोर भाकरीसाठी पोटच्या मुलाची परवानगी मागत होती. तुळशीदास “दे गं,” म्हणे आणि आपलं ताट तसंच ठेवून उठे.

वर्षभरात रविना पालटली. उंच झाली, धावू लागली. शाळेच्या शर्यतीत दुसरी आली. मानेवरचे डाग फिके झाले. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, “शाबास!” तुळशीदासला वाटलं, आता आईला दाखवावं. तिच्या डोळ्यांनी बघितलं की तिला पटेल. पुढच्या दिवाळीला तो मोठ्या हौसेने लेकीला घेऊन गेला.

फाट्यावर एसटीतून उतरल्यावर रविना पाड्यावरच्या मुलींबरोबर धावतच चढ चढून गेली. तिच्या मागून बॅगा घेऊन येणारा तुळशीदास अंगणात पोचला तेव्हा धोंडीबाई रविनाचं मनगट दोन बोटांत धरून उभी होती.

“कधीपासना अशी झाली?” तिने विचारलं.

“अशी म्हणजे? बरी झाली, आये. डॉक्टरांनी सांगितलं, आता काही धोका नाही.”

“हाडं लागतात हाताला.”

तो हसून समजावू लागला. रक्त सुधारलं, दम वाढला, शर्यतीत नंबर आला. रविनाने अंगणात उड्या मारून दाखवल्या. पण धोंडीबाई बघत होती ती खांद्याची हाडं, गळ्याखालची खळगी, फ्रॉकातून दिसणारे कोपर. पोर बारीक होत जाते म्हणजे काय, ते तिने एकदा मांडीवर बघितलं होतं. दुसरा कुठलाही अर्थ तिला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने पाड्यावरचा बाधा काढणारा भगत पुंजा याला बोलावून आणलं.

म्हातारा पुंजा सूप घेऊन ओट्यावर बसला. त्याने रविनाला नीट न्याहाळलं.

“पोर तर खडखडीत हाय, धोंडे. मी हिच्यातून काढू तरी काय?”

“बघ नीट.”

“बघतोच हाय.”

“तुझे डोळे गेलेत. तांदूळ टाक.”

जयवंतीने नवऱ्याकडे बघितलं. आता हा उठून जाईल, असं तिला वाटलं. एरवी अंगारे-धुपाऱ्यांवर तो किती चिडायचा! पण तुळशीदास लेकीचा हात धरून मुकाट भगतासमोर बसला. पुंजाने सुपात दाणे मांडले, पुटपुटला, पोरीवरून कोंबडी उतरवली. रविनाला गंमत वाटत होती. धोंडीबाई श्वास रोखून बसली होती. सगळं झाल्यावर तिने मुलाला विचारलं,

“आता भरंल ना रं अंगानं?”

तुळशीदासने तिच्या तोंडाकडे बघितलं.

“भरेल, आये. नक्की भरेल.”

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तुळशीदास ठाण्याला परतला. महिन्याभराने पाड्यावरचा एक जण मजुरीला ठाण्याकडे आला, त्याच्याबरोबर आईचा निरोप होता. रविना भरली का? तुळशीदासने सांगून पाठवलं, भरली. मग येईल त्याच्याबरोबर तोच निरोप येऊ लागला आणि तेच उत्तर जाऊ लागलं. कधी तो आपल्या मनचं घालून सांगे, फ्रॉक तंग होतात, गाल वर आलेत. परत आलेली माणसं सांगत, म्हातारी खूश असते, आल्यागेल्याला नातीचं सांगते. त्यालाही बरं वाटे.

होळीला जायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो आहोत. रविना आणखी उंच, आणखी सडपातळ झाली होती. तिला आईसमोर उभी कशी करणार? तो एकटा गेला. रविनाची शाळा आहे म्हणाला. दिवाळीला शर्यतीचं शिबिर निघालं. मे महिन्यात रविनाच हट्ट धरून बसली, “बाबा, मला आजीकडे जायचंय.” त्याने तिला रागावून गप्प केलं. जयवंती म्हणाली, “किती दिवस चालणार हे? खरं सांगून टाका. ओरडतील, रडतील, पण पोर समोर असेल.” तो म्हणाला, “पुढच्या खेपेला सांगू.” दर वेळी एकटाच जाई. धोंडीबाई त्याच्या मागे वाटेकडे बघे, कोणी नाही म्हटल्यावर घरात वळे, आणि पाणी देता देता विचारी, “आता केवढी झाली? माझ्या कवेत मावंल का?”

“नाही मावायची, आये.”

ती तोंडाला पदर लावून हसायची.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात धोंडीबाई तापाने गेली. दोनच दिवस अंथरुणावर होती. निरोप मिळाला तेव्हा तुळशीदास एका मुलाला दोरीवरच्या उड्या शिकवत होता. तो, जयवंती आणि रविना मिळेल त्या गाडीने निघाले. पाड्यावर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बायका ओट्यावर बसल्या होत्या. काशीने उठून जयवंतीला मिठी मारली, मग मागे उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं.

“ही कोण?”

“रविना,” जयवंती म्हणाली.

काशीला कळेना. तिने पोरीच्या दंडावरून हात फिरवला, तिचं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं.

“अगं, पण धोंडी तर सांगायची, नात माझी दारात मावत नाय इतकी भरली. जाताना पण तेच बोलत होती.” ती तुळशीदासकडे वळली. “खोटं का सांगत होती रं ती?”

तुळशीदासने हातातली बॅग खाली ठेवली. रविना बापाकडे बघत उभी राहिली.