गुणवंतरावांचं पुरं वजन

जिवतीच्या एका कापूस खरेदी केंद्रावर तेवीस वर्षं मापारी असलेल्या गुणवंतरावांना बावन्नाव्या वर्षी उडायचं सुचलं. या वयात लोकांना गुडघे सुचतात, आपल्याला आकाश सुचलं, असं ते स्वतःच चारचौघांत सांगून टाकत, म्हणजे इतरांना बोलायला काही उरत नसे. मावळात जाऊन त्यांनी दहा दिवस पॅराग्लायडिंग शिकून घेतलं. सहा वेळा उडाले, त्यांपैकी चार वेळा बुडावर उतरले. तेवढ्या पराक्रमावर त्यांना स्वतःचं ग्लायडर हवंसं झालं. नवं झेपणारं नव्हतं, म्हणून जुनं.

तिथला शिक्षक अतुल जुनी ग्लायडर विकायचा. सध्या त्याच्याकडे दोन होती. एक लालभडक, चपळ, जेमतेम वर्षभर वापरलेलं. दुसरं नवशिक्यांसाठीचं, पिवळं, उन्हानं विटलेलं, पण कापड आणि दोऱ्या तपासून घेतलेलं आणि आकारानं चांगलंच मोठं. गुणवंतरावांचं मन लालवर बसलं. आरशासमोर पोट आत ओढलं की लाल आपल्याला शोभेल याची खात्री पटायची. श्वास सोडला की खात्रीही सुटायची. बायको, कमळा, मागून बघायची आणि हसू पदराआड लपवायची, तेच जास्त लागायचं.

"काका, वजन किती तुमचं?" अतुलनं फोनवर विचारलं.

गुणवंतरावांचं वजन अठ्ठ्याऐंशी किलो. पण काट्यावर दिसतं ते वजन धरायचं नसतं, हे तेवीस वर्षांत त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. कापूस तोलला की आधी बारदाना, म्हणजे पोत्याचं वजन, वजा करायचा. मग ओल आहे म्हणत क्विंटलमागे दोन किलो कट्टी कापायची. नियम केंद्राच्या मालकाचा, शेठचा, हात यांचा. तर कपड्यांचा बारदाना दोन किलो, वर कट्टी दोन.

"चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. आपण खोटं बोललो असं त्यांच्या मनातही आलं नाही.

"लाल पंचाहत्तर ते पंच्याण्णव किलोचं आहे," अतुल म्हणाला, "पण ते नुसत्या माणसाचं नाही. हार्नेस, हेल्मेट, बूट, पाणी, ग्लायडर, सगळं धरून. जास्त वजनानं लाल घेऊन उडालात तर ते तुम्हाला आवरणार नाही, पडाल. सगळं अंगावर चढवून काट्यावर उभे राहा आणि आकड्याचा फोटो पाठवा. त्याशिवाय मी देत नाही."

हार्नेस, म्हणजे बसायची पट्ट्यांची खुर्ची, आधीच घरी येऊन पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गुणवंतराव ती पाठीला बांधून, हेल्मेट घालून खरेदीच्या काट्याजवळ आले. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत हशा पिकला. सगळ्यात पुढे डोंगरावरच्या पाड्यातला जंगू होता. त्याच्याच शेताच्या उतरत्या कडेवरून उडायचं गुणवंतरावांनी ठरवलं होतं.

"गिलायडर कुठी आहे?" जंगूनं विचारलं.

"यायचं आहे. सहा किलोचं आहे म्हणते."

जंगूनं आपल्या कापसातले सहा किलो एका थैलीत कोंबले आणि त्यांच्या पाठीवर लादले. गुणवंतराव काट्यावर चढले.

"एकशे पाच," जंगूनं वाचलं.

"चार कमी धर," गुणवंतराव सवयीनं बोलून गेले.

"काऊन?"

"बारदाना. अन् कट्टी."

जंगूनं आकड्यावर बोट ठेवलं. "भाऊ, हे चार किलो वर हवेत कमी होऊन जाते का?"

"नाई."

"मंग माह्या कापसातले कट्टीचे कुठी जाते?"

एरवी गुणवंतरावांकडे उत्तरं तयार असायची: ओल आहे, शेठचा नियम आहे, सगळीकडे असंच आहे. आता हेल्मेट घालून, पाठीवर जंगूचाच कापूस घेऊन उभं असताना त्यातलं एकही त्यांना स्वतःलाच पटेना. त्यांना लाज वाटली, आणि ती पोशाखाची नव्हती.

त्यांनी एकशे पाचचा फोटो पाठवला. पिवळं आलं. ते पंच्याण्णव ते एकशे पंधराचं होतं, म्हणजे गुणवंतराव अगदी मधोमध बसले, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या मापात. माघात जंगूच्या शेताच्या कडेला ते पंधरा पावलं धावले आणि सोळावं पाऊल जमिनीला लागलंच नाही. दीड मिनिट ते हवेत होते. मग खालच्या तुरीच्या धसकटांत नेहमीप्रमाणे बुडावर उतरले आणि तिथेच बसून एकटेच हसत राहिले.

पुढच्या हंगामात जंगूची गाडी काट्यावर आली. शेठ शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. गुणवंतरावांनी पुरा आकडा मोठ्यानं सांगितला, बारदाना वजा केला आणि पेन खाली ठेवला.

"कट्टी?" शेठनं विचारलं.

"आजपासून माह्या हातानं नाई," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी पेन पुन्हा उचलला आणि जंगूच्या पावतीवर तोच आकडा लिहिला. शेताच्या कडेवरून धावणं याहून सोपं होतं.