एकाच हातानं भरलेले चाळीस फॉर्म

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवत होते. व्यापारी निर्णय कसे घेतात, त्यात नीतीचा वाटा किती आणि तो मोजता येतो का, यावर माझी पीएच.डी. चालली होती. मार्गदर्शक साताऱ्याला. पदवी मिळाली तर मी विभागप्रमुख होणार होते, आणि मला व्हायचं होतं. उगाच नम्रपणा कशाला?

पंधरा वाक्यांचा फॉर्म सायक्लोस्टाइल करून मी हळदीच्या बाजारातल्या चाळीस अडत्यांना स्वतः फिरून दिला. 'आमच्या पेढीवर मालातला दोष गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगितला जातो', असली वाक्यं, आणि पुढं 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकोन. आठ दिवसांनी गेले तर एका पेढीच्या दिवाणजींनी चाळीसही फॉर्म सुतळीनं बांधून माझ्या हातात ठेवले. सगळ्यांवर तीच निळी शाई, तीच तिरकी फुली. पूर्ण सहमत, पूर्ण सहमत, पूर्ण सहमत.

"हे कुणी भरले?"

"मीच की. आवं बाई, चाळीस मानसं चाळीस तोंडांनी बोलली तर बाजाराची शोभा हुईल. समद्यांनी बैठक घिऊन एकच ठरवलं. तुमाला बी हिंडायचा तरास नगं."

सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून शेजाऱ्यालाही दर कळू न देणारी ही माणसं, नीतीचा प्रश्न आल्यावर मात्र मांडीला मांडी लावून बसली होती. मला आधी हसू आलं, मग राग आला.

"आणि तुमचं स्वतःचं मत, दिवाणजी?"

"माझं कुनी इचारलंच न्हाई. माझा फारम कुठं हाय?"

पिशवीत एक कोरा फॉर्म उरला होता, तो दिला. मालातल्या दोषाच्या वाक्यापाशी त्यांनी पेन टेकवलं. "नाव घालू नगासा," म्हणाले आणि 'पूर्ण असहमत'वर फुली मारली. "भिजकी हळद तळाला आन् सुकी वर, ती पोती मीच भरून घेतो, बाई. लय वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं सातारा गाठलं. गठ्ठा बघून सर खूश झाले. "शंभर टक्के प्रतिसाद! आणि काय एकवाक्यता!"

मी सगळं सांगितलं आणि दिवाणजींचा फॉर्म पुढं ठेवला. उत्तरं बैठकीत ठरली, हाच तर निर्णय, आणि माझा विषय निर्णयाचाच आहे. हे मला प्रबंधात लिहायचं होतं.

"हे बघा बाई, फॉर्म कुणी भरला हे कोण विचारतंय? आणि दिवाणजी काही व्यापारी नव्हेत, ते नमुन्यात बसत नाहीत. तेवढं गाळा, मी सही करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ उघडण्यालाच संशोधन म्हणतात ना, सर?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. चाळीस फॉर्म त्यांच्या टेबलावरच राहिले. दिवाणजींचा मी उचलला. पदवीचं तिथंच संपलं. घरच्यांनी मला मूर्खात काढलं. एका फुलीपायी? हो, एका फुलीपायी. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण माझंच चुकलं असं एकदाही वाटलं नाही. विभागप्रमुख दुसरे झाले.

दोन वर्षांनी कॉलेजच्या ग्रंथालयात सरांचं पुस्तक आलं. त्यात माझे चाळीस फॉर्म, नीटस तक्ता करून, आणि खाली इथल्या व्यापाऱ्यांच्या सचोटीचं कौतुक. माझं डोकं फिरलं. मी पेन काढलं आणि तक्त्याशेजारी शाईनं लिहिलं: 'हे चाळीसही फॉर्म एकाच माणसानं भरले आहेत. लेखकाला हे मी स्वतः सांगितलं होतं.' खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि पुस्तक आपण होऊन ग्रंथपालांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

ते हबकलेच. "अहो बाई, तुम्ही शिकवणाऱ्या! आता नियमाप्रमाणे नवी प्रत भरून द्यावी लागेल."

मी नवी प्रत मागवली. ती आल्यावर त्यांच्या समोरच उघडली, तेच पान काढलं, आणि तीच दोन वाक्यं पुन्हा शाईनं लिहून प्रत त्यांच्या हातात दिली.