नऊ वर्षांच्या पोरीच्या नावाचा गॅस

डेलोरा प्रुइट अमेरिकेतल्या टोलेडो शहरात शाळेची बस चालवते. वय तेवीस, कुणाचा छदाम बुडवलेला नाही. म्हणूनच भाड्याचं घर नक्की होता होता घरमालकाने तिचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे उधारी-थकबाकीचा दाखला, काढला आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. सहाशे बारा डॉलर थकबाकी, घर तापवणाऱ्या गॅसची! दीड महिन्यात निस्तरून आण, नाहीतर घर दुसऱ्याला, असं तो म्हणाला. आईला मामाच्या सोफ्यावरून उठवून स्वतःकडे आणायचं, एवढ्यासाठी तर तिला ते घर हवं होतं.

मंगळवारी ती वाचनालयात अर्लीनबाईंकडे गेली. पोस्टातून निवृत्त झालेल्या या बाई रिपोर्टमधल्या चुकीच्या नोंदींवर हरकतीची पत्रं लोकांना फुकट लिहून देतात, वर चार शब्द सुनावतातही.

"रडतेस काय? खातं उघडलं कधी ते बघ."

चौदा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. शेवटचं बिल सहा वर्षांपूर्वी थकलेलं.

"तेव्हा तू केवढी होतीस?"

"नऊ वर्षांची," डेलोरा म्हणाली.

तो नोव्हेंबर तिला चांगला आठवत होता. गॅस तोडलेला, मायलेकी कोट घालून एका गादीवर झोपायच्या. मग एके दिवशी शाळेतून आली तर घर उबदार! कंपनीला दया आली, असं आई म्हणाली होती. दया कसली, आईच्या नावावर कंपनी गॅस देईना, म्हणून तिने पोरीचं नाव सांगितलं होतं.

"आईचं नाव लिहावं लागेल?" तिने भीत भीत विचारलं.

"मी विचारलं का, कुणी उघडलं ते? नऊ वर्षांच्या पोरीला करार करता येत नाही, एवढंच लिहायचं. जन्मदाखला जोड आणि रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीला रजिस्टर्ड टपालाने पाठव."

जन्मदाखला होता आईकडे. सांगावंच लागलं. तिच्या आईने, वर्नेलने, जन्मदाखला काढून तिच्या हातात ठेवला.

"लिही माझं नाव. केलंय मी. तुझ्या जिवावर उठले गं मी."

"वेडी आहेस का? त्या थंडीत मला साधं पडसंही झालं नाही. तुझ्यामुळे."

दुसऱ्या दिवशी दोघी पोस्टात गेल्या. डेलोराने पैशांचं पाकीट काढलं तशी आई खेकसली, "ठेव ते आत! उद्योग माझे आणि टपालाचे पैसे तू भरणार होय?"

बत्तिसाव्या दिवशी उत्तर आलं. थकबाकीची नोंद काढून टाकली होती. डेलोरा पत्र घेऊन आधी अर्लीनबाईंकडे धावली आणि त्यांना घट्ट मिठी मारली. "चष्मा मोडशील माझा," म्हणत बाईंनीही तिला सोडलं नाही.

घर मिळालं. सामान लावायच्या आधीच डेलोराने गॅस कंपनीला फोन केला. आई खोक्यावर बसून ऐकत होती.

"खातं कुणाच्या नावाने?" तिकडून विचारणा झाली.

"डेलोरा प्रुइट. वय तेवीस."

वय कुणी विचारलंच नव्हतं. आई फस्सकन हसली आणि मग कोटाच्या बाहीने डोळे पुसत राहिली.