वाढणाऱ्याचं पान

संस्थान विलीन झालं तेव्हा राजवाड्यातल्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न नव्या सरकारने आपल्या परीने सोडवला. लिहिता-वाचता येणारा कारकून झाला, न येणारा शिपाई. माझा बा जव्हारच्या राजवाड्यात साहेबी स्वयंपाक करायचा. शिकारीला येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना सकाळी उशिरा जे काही खायला लागे, ते त्याच्याकडे असे. त्याला मोखाड्याच्या कचेरीत शिपाई म्हणून घेतलं. तिथे साहेबी खाणं कुणाला लागत नव्हतं. चहा लागायचा, तोही समोरच्या हॉटेलातून यायचा. बाने फायली इकडून तिकडे नेल्या आणि तक्रार केली नाही.

घरी तो कधी चुलीपुढे बसला नाही. चूल आईची होती आणि आई तिथे कुणाला लुडबूड करू देत नसे. त्यामुळे बा काय रांधतो हे आम्ही ऐकूनच होतो.

माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या, लग्नाचं निघालं तेव्हा या राजवाड्याने आमचा पिच्छा पुरवला. बा मुळात डोंगरातल्या पाड्यावरचा. पोरवयात जव्हारला गेला आणि तिथेच राहिला. आमची जातभाई मंडळी भात-नागली पिकवणारी. त्यांच्या लेखी आम्ही वाड्यावरचे. एक स्थळ येऊन गेलं. पुढे निरोप आला, तुमची पोरगी आमच्यात कशी निभायची, तुम्ही मोठी माणसं. शिपायाच्या घराला मोठं म्हणणारं ते पहिलंच माणूस असेल.

दुसरं स्थळ पोशेऱ्याकडचं होतं. मुलगा खोडाळ्याला नवा मास्तर झाला होता, बाप शेतकरी. ताईने त्याला खोडाळ्याच्या बाजारात एकदा पाहिलं होतं आणि आमची ताई कधी नव्हे ते आईला स्पष्ट बोलली होती, की करायचं तर इथेच. हेही स्थळ परत गेलं असतं तर ती काही बोलली नसती. पण मी तिच्या शेजारी झोपायचे, मला तिचं सगळं कळत होतं.

पाहुणे पहाटे पायी निघून दिवस बराच वर आल्यावर पोचणार होते. न्याहारी म्हणावी तर उशीर, जेवण म्हणावं तर लवकर. आईने ठरवलं होतं, कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी. बा म्हणाला, "या वेळेचं खाणं मी करतो."

"काय करता?"

"साहेबांना करायचो ते."

"आपल्याला वाड्यावरचे म्हणतात म्हणून एक स्थळ गेलं," आई म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना वाड्यावरचंच खायला घाला. म्हणजे उरलीसुरली शंका नको."

बा ऐकेना. लेकीच्या सोयऱ्यांना आपल्या हातचं घालायचं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. मला आता वाटतं, आपल्याला काहीतरी येतं हे त्याला एकदा आपल्या माणसांपुढे मांडायचं होतं. फायली तर कुणीही नेतो.

नाशिककडून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरला सांगून त्याने पाव मागवले. ते ताजे नकोत, शिळेच हवेत, असं बजावल्यावर ड्रायव्हरने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. अंडी आमच्या कोंबड्यांची, थोडी शेजारची. आदल्या संध्याकाळी त्याने पावाचे जाड काप केले, कल्हईच्या पातेल्याला लोणी फासलं आणि काप एकाला एक चिकटून मांडले. वर शिजवून हाडावरून सोडवलेली कोंबडी, परतलेला कांदा, मिरपूड. पुन्हा काप. मग दुधात अंडी फेटून त्यावर हळूहळू ओतली आणि पातेलं झाकून ठेवून दिलं. पाव दूध पितो, घाई केली तर मध्ये कोरडा राहतो, एवढंच तो म्हणाला. फेटलेल्या दुधाचा थेंब आईच्या तळहातावर ठेवून त्याने विचारलं, "मीठ?" आईने जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "बेताचं आहे."

सकाळी त्याने अंगणात तीन दगड मांडले. मोठ्या टोपात वाळू, वाळूत पातेलं, वर परात आणि परातीत निखारे. राजवाड्यात लोखंडी भट्टी होती. इथे त्याने वर-खाली विस्तव ठेवून तिची सोय केली. मधूनमधून परात उचलून तो वास घ्यायचा, एखादा निखारा काढायचा, एखादा घालायचा. गल्लीतली बरीच कुत्री आणि थोडी माणसं गोळा झाली. पातेलं उघडलं तेव्हा वरून लालसर साय धरली होती आणि सगळं फुगून काठाशी आलं होतं. आईनेही वाकून पाहिलं. "दिसतं तरी बरं," ती म्हणाली. आईच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईबाप आणि एक आत्या. पाय धुतले, पाणी झालं, पीकपाण्याचं झालं. ओटीवर पळसाच्या पत्रावळी मांडल्या. बाने राजवाड्यातला पांढरा डगला चढवला होता, हातावर पंचा टाकला होता. प्रत्येकाच्या पानात त्याने चौकोनी तुकडा न मोडता अलगद ठेवला, चार पावलं मागे सरला आणि भिंतीशी ताठ उभा राहिला.

कुणी हात लावला नाही.

आमच्या डोंगरात रीत आहे, की पाहुण्यापुढे अन्न ठेवलं की घरधन्याने पाहुण्यांबरोबर बसून पहिला घास आपण घ्यायचा. कुणाच्या मनात काही वावगं नाही, हे त्यातून दिसतं. ही रीत बाला ठाऊक नव्हती असं कसं म्हणू? त्याच डोंगरात तो जन्मला होता. पण पांढरा डगला घालून हातात वाढप घेतलं की त्याला फक्त उभं राहणं ठाऊक होतं.

मुलाचा म्हातारा बाप म्हणाला, "तुमी बसा."

"खा तुम्ही. मी मागाहून."

"घरधनी खाल तं आमी खाऊ."

"वाढणारा खात नसतो," बा म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला, तेच वाईट झालं.

म्हाताऱ्याने पानातल्या तुकड्याकडे पाहिलं. "आमी काय महाराज हाव का, तुमी उभं राहाल न आमी खाऊ?" आत्याने आपली पत्रावळ बोटभर पुढे सरकवली. मास्तर छपराचे वासे मोजत बसला. आई दारातून म्हणाली, "बसा ना हो," पण बा हलला नाही. मला त्याचा राग आला. एवढं साधं बसायचं, तेही जमेना. आता मागे वळून बघताना कळतं, त्याला हट्ट नव्हता. त्याला खरोखर काय करावं ते सुचत नव्हतं.

राजवाड्यात रांधणाऱ्याने चाखायचं नाही, उष्टं होतं. चाखायला वेगळा माणूस होता. पाहुण्यांचं उरलेलं इतर नोकर वाटून घेत, पण बा दुसऱ्याच्या पानातलं खात नसे. म्हणजे जे इतकी वर्षं त्याने रांधलं, ते त्याच्या जिभेला कधी लागलंच नव्हतं. हे आईला ठाऊक होतं, मला त्या दिवशी कळलं.

म्हाताऱ्याने उठायला जमिनीला हात टेकला. तेवढ्यात ताई बाहेर आली. बघायला आलेल्यांपुढे मुलीने बोलवल्याशिवाय येऊ नये, आली तर मान खाली असावी. तिने एक पत्रावळ आणून म्हाताऱ्याच्या शेजारी टाकली, पातेल्यातला तुकडा त्यात वाढला आणि म्हणाली, "बा, बस." आवाज थरथरत होता. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा थरथरत नव्हता.

बा बसला. बसताना त्याला डगल्याची बटणं सोडावी लागली, तो डगला बसायसाठी शिवलेलाच नव्हता. त्याने एक घास मोडून तोंडात घातला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो सावकाश चावत राहिला, गिळलं, आणि आईकडे बघून अगदी हळू म्हणाला, "एवढंच?"

आधी म्हातारा हसला. मग आत्या. मग सगळ्यांनी घास घेतले. खरं सांगायचं तर ते मऊ होतं, गरम होतं, आणि त्याला फारशी चव नव्हती. मुलाची आई थोडा वेळ चावून म्हणाली, "दात नसतील त्यांना बरा हाय. ठेचा हाय का?" आईने ठेचा आणला, रात्रीच्या नागलीच्या भाकरी आणल्या, आणि पातेलं रिकामं झालं. बाने दुसऱ्यांदा घेतलं, तेही ठेच्याला लावून. म्हातारा त्याला त्याच्या पाड्यावरच्या कुणाकुणाची नावं विचारत होता, कोण जिवंत, कोण गेलं. बाला बरेच जण आठवले.

निघताना म्हातारा आईला म्हणाला, "पोर आमाला पसंत हाय. बापाला बसवलान तिनं." मास्तराने या सगळ्यात एक शब्दही काढला नव्हता, पण जाताना तो दोनदा मागे वळला. ताई मागच्या अंगणात जाऊन टोपातली वाळू ओतत बसली. रडत होती की हसत होती, मला नक्की कळलं नाही. मला फार बरं वाटलं होतं, एवढं आठवतं.

दिवस कलताना बा पायरीवर बसला होता. आई तांदूळ निवडत होती.

"इतकी वर्षं मी त्या लोकांना हे घातलं," तो म्हणाला. "बेचव लागतं असं कुणी एकदा बोललं नाही."

"तुम्ही भिंतीशी उभे असायचात. भिंतीशी उभ्या माणसाशी कोण बोलतं?"

आईने हे रागाने म्हटलं नव्हतं, ती सुपातले खडे बघत होती. बाने आत नजर टाकली. ताई आत भांडी लावत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

"तिला सांग," तो आईला म्हणाला, "तिकडे गेल्यावर सगळ्यांचं वाढून झालं की आपलं पान घे म्हणावं. दाराशी उभी राहू नको."