शेठचा पहिला घास

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलगावला शाळेत, सहावीच्या वर्गावर होते. मांजरसुंब्याच्या चौकाजवळ त्याचं पंक्चरचं दुकान. ट्रकचं चाक बसवता बसवता खाली टेकला, तो उठलाच नाही. मी पोचले तोवर त्याला घरी नेलं होतं. दुकानात फक्त शेठ होता, चाकापाशी बसलेला. दादानं बस म्हणून खूण केली होती, ऊठ म्हणायला कुणी उरलं नव्हतं...

शेठ म्हणजे कुत्रा. दोन वर्षांपूर्वी एका पांढऱ्या गाडीनं त्याला हायवेवर उतरवलं आणि गाडी निघून गेली. दहा वर्षांचा तरी असेल. कान गेलेले, दात झिजलेले. पांढरी गाडी दिसली की जीव खाऊन मागं धावायचा, हॉर्न ऐकू यायचा नाही. "गाडीतून आलाय, शेठच म्हनायचं," असं म्हणून दादानं त्याला ठेवून घेतलं. म्हाताऱ्या कुत्र्याला काय शिकवणार, म्हणून शेजारच्या ढाब्यावरची माणसं हसायची. दादानं आवाजाचा नादच सोडला. हात वर केला की थांब, तळवा खाली की बस. लांब असला तर फरशीवर पाय आपटायचा, तो हादरा शेठला कळायचा. तीन-चार महिन्यांत पांढरी गाडी समोरून गेली तरी शेठ दादाच्या हाताकडे बघत बसायला लागला.

मग कुणीतरी मटणात विष घालून चौकातली दोन कुत्री मारली. तेव्हापासून दादानं त्याला नवा धडा दिला : मी सांगितल्याशिवाय काही खायचं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "कावून छळतूस रे म्हाताऱ्याला?" तर म्हणाला, "मी काय चोवीस तास हाय का त्याच्यापाशी?"

शेठचा मुक्काम दुकानातच असायचा आणि दादाही डबा तिथंच खायचा. त्यामुळे तो त्याला 'खा' कसं सांगायचा, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. अंत्यविधीनंतर शेठला आम्ही घरी आणलं. दुधात कुस्करलेली भाकरी पुढं ठेवली. पहिले दोन दिवस वाटलं, दुःखानं खात नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तोंडातून लाळ गळत होती. त्याला भूक होती. तो भाकरीकडे बघायचा, मग आमच्या हातांकडे. मी तळवा उघडला, टिचकी वाजवली, मांडी थोपटली, पाय आपटला. ढाबेवाले येऊन खुणा करून गेले. दादाचा मोबाइल मी दोनदा धुंडाळला. शेठ बसतोय, थांबतोय, सगळं होतं. खातानाचा एकही व्हिडिओ नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर किती दिवस काढनार?" सहाव्या दिवशी मी त्याचा जबडा उघडून घास कोंबला. त्यानं तो जिभेनं बाहेर ढकलला आणि शेपूट हलवली, जणू आपण चुकलो नाही हे मला दाखवत होता. मी तिथंच भिंतीला डोकं टेकून रडले.

वहिनींच्याही पोटात चहाशिवाय काही जात नव्हतं. आठव्या दिवशी शेठला उभं राहवेना, तेव्हा त्या आतून तरातरा आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. "त्ये न्हाई येनार आता! कळतंय का तुला? खा की रे... हे बघ, हे बघ, मी खाते!" म्हणत त्यांनी त्याच्याच ताटलीतला घास उचलून तोंडात घातला. तो गिळेपर्यंत शेठची मान खाली गेली होती. लपालपा, ठसकत, सगळी ताटली त्यानं चाटून काढली.

खूण हाताची नव्हतीच. विष नाही हे दाखवायला दादा आधी स्वतः खायचा.

आता दोन्ही वेळेला वहिनी त्याच्यासमोर बसतात आणि पहिला घास घेतात. कितीदा दिवसभरात त्यांच्या पोटात तेवढंच जातं. शेठचे मागचे पाय लुळे पडत चाललेत. डॉक्टर फार दिवसांची आशा देत नाहीत. मी दर रविवारी जाते. मागच्या रविवारी घास हातात धरून वहिनींनी विचारलं, "सुनीता, ह्यो बी गेल्यावर गं?"

शेठ वहिनींच्या तोंडाकडे बघत थांबला होता.